कपाटातले भेगाडे

पुण्याच्या एका प्रकाशन संस्थेतून सीमाताईंचा फोन आला तेव्हा संघपाल अमरावतीच्या आपल्या खोलीत स्टोव्हपाशी बसून मैद्याची खळ शिजवत होता. खळ सोडून उठलं की ती लागते, म्हणून त्यानं चमचा बायकोच्या हातात दिला आणि फोन कानाला लावला. ज्योत्स्ना एका हातानं खळ ढवळत होती आणि सगळा जीव कानात आणून ऐकत होती.

"सर, आनंदाची बातमी आहे," सीमाताई म्हणाल्या. "तुमचं 'भेगाड्यांची वरात' आमच्या मंडळातल्या सगळ्यांना आवडलं. मोठ्या आकारात, चांगल्या कागदावर करू या. फक्त मूळ चित्रं पाठवा."

"पुस्तक पाठवलं ना तुमाले, ताई."

"ते मोबाईलच्या फोटोवरून काढलेलं आहे. मोठं केलं की रंग फुटतात. आणि दुसरं म्हणजे, वाईट वाटून घेऊ नका हं, हल्ली लोक मशीनकडून चित्रं काढून घेतात आणि स्वतःची म्हणून पाठवतात. आमची त्यात एकदा चांगलीच फजिती झाली. तेव्हापासून हातानं काढलेला कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मंडळ पुढं जात नाही."

"कागद हायेत. गावाकडं, माह्या बहिणीजवळ."

"मग प्रश्नच मिटला."

फोन ठेवल्यावर ज्योत्स्ना म्हणाली, "उद्याच्या उद्या जा. परवावर टाकू नका."

संघपालनं मान हलवली. उजवा हात त्यानं मांडीखाली दाबून धरला होता. आताशा तो असाच धरावा लागे. दोन वर्षांपासून हाताला कंप सुटला होता. चहाचा कप धरला की चहा बशीत, आणि ब्रश धरला की रेघ भलतीकडं. डॉक्टर म्हणाला, गोळ्या घ्या, वाढणार नाही. पण गेलं ते परत यायचं नाही. म्हणजे वरातीची ती चित्रं त्याची शेवटची. पुन्हा काढीन म्हटलं तर हात ऐकणार नव्हता. तेल्हाऱ्याजवळच्या गावी, बापाच्या घरातल्या भिंतीतल्या कपाटात जे कागद होते, तेवढाच काय तो संघपाल जगात शिल्लक होता.

त्याचा बाप डोमाजी लग्नाच्या भिंती रंगवायचा. लग्न निघालं की दाराच्या दोन्ही अंगाला भालदार-चोपदार, केळीचे खांब, हत्ती, वर नवरानवरीची नावं. पोळ्याला बैलांची शिंगं. जयंतीच्या आधी वस्तीतल्या भिंतीवर बोधीवृक्ष आणि धम्मचक्र. संघपाल शाळेत जाण्याआधी चुना कालवायला शिकला. पण पोराचं डोकं पहिल्यापासून वाकडं. चांदूर बाजारला भगवंतराव पाटलांच्या पोरीचं लग्न होतं. बापानं एक भालदार काढला आणि दुसरा पोरावर सोडून तो भाकर खायला गेला. परत येऊन पाहतो तर अर्धं गाव भिंतीपुढं उभं.

"हे कोण होय रे?" भगवंतरावांनी विचारलं.

"भालदार होय जी."

"भालदाराले मासोळीचं शेपूट कायले?"

"पाण्यातल्या राजाचा भालदार होय जी."

"मंग माही पोरगी का बेडकाच्या घरी देऊन राहिलो मी?"

लोक पोट धरून हसले. डोमाजीनं चुन्याचा कुंचला शेपटावरून फिरवला, त्या जागी दोन पाय काढले, पायांत मोजड्या घातल्या. संघपालला वाटलं, आता घरी गेल्यावर धडगत नाही. पण परतीच्या वाटेवर बाप एवढंच म्हणाला, "शेपूट जमलं होतं बरं."

त्या एका वाक्यावर संघपालनं उभं आयुष्य काढलं.

भिंती गेल्या, पाट्या आल्या. अमरावतीत दुकानांच्या पाट्या रंगवून त्यानं संसार उभा केला. पाट्या गेल्या, फ्लेक्स आले. मग कोणीतरी त्याला इंटरनेटवर चित्र टाकायला शिकवलं, आणि नवल असं की बाहेरदेशातल्या लोकांना त्याचे पंखांचे रेडे आणि दिव्याच्या डोळ्यांची घोरपड आवडू लागली. पत्त्यांच्या खेळांसाठी, गोष्टींच्या मुखपृष्ठांसाठी लोक चित्रं मागत. गल्लीत त्याला 'राक्षसवाले पेंटर' म्हणू लागले. ते दिवस बरे होते. मग मशीन आलं. मागणाऱ्यांचे निरोप एकेक करून आटले. एकानं तर संघपालची जुनी चित्रं मशीनला दाखवली, तशीच नवी काढून घेतली आणि त्यालाच विचारलं, यातलं बोट तेवढं नीट करून द्याल का? मशीनला बोटं नीट जमत नव्हती. संघपालनं ती करून दिली. पुढं मशीनला बोटंही जमली.

तेव्हा तो म्हणाला, आता दुसऱ्यासाठी नाही. आता आपलं पुस्तक. चित्रं आपली, गोष्ट आपली, शिवणही आपली.

आणि त्याला भेगाडे सापडले. वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशा. लहानपणी दुर्गाबाई, त्याची मोठी बहीण, त्याला अशा भेगेत वाकून पाहायला लावायची आणि म्हणायची, पाह्य, खाली कोणीतरी राहते. ते कोणीतरी म्हणजे भेगाडे. राखेच्या रंगाचे, सरकीएवढ्या डोळ्यांचे. जमीन उलली की यांची दारं उघडतात, पाऊस पडला की बंद होतात. वरातीत नवरदेव घोरपडीवर बसलेला, पुढं रातकिड्यांचा बँड, आणि नवरीच्या मंडपाला लाकडी नांगराचा मोडका फाळ टेकू दिलेला. मंडपाच्या भिंतीवर भालदार, आणि त्या भालदाराला मासोळीचं शेपूट.

वरातीच्या आधी त्यानं भेगाड्यांची छोटी छोटी पुस्तकं केली, पण लोकांना त्यांचं काय करावं कळत नसे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तो नागपूरला पुस्तकं मांडून बसला. माणसं पोत्यानं पुस्तकं नेत होती, पण याच्यापुढं थबकत आणि पुढं जात. एक पांढऱ्या कपड्यातला म्हातारा बराच वेळ पानं उलटत राहिला.

"हे भूतंखेतं काहून काढता, बापू? आपल्या समाजानं हे सोडून किती वर्ष झाले."

"भूत नाई बाबा हे. मातीच्या आतले लोक होत."

"पाहिले का तुमी?"

"नाई."

"मंग भूतच झालं ना ते," म्हातारा म्हणाला. पुस्तक मात्र त्यानं हलक्या हातानं खाली ठेवलं, पुसून.

तिथंच आणखी एक गोष्ट घडली. एक बाई पुस्तक पाहत होती आणि कडेवरच्या पोरीनं पुस्तकाचा कोपरा तोंडात धरून चोखायला सुरुवात केली. संघपालनं पुस्तक असं हिसकलं की पोरगी भोकाड पसरून रडू लागली. बाई चिडली. "इकायचं नसंल तं मांडता कायले?" म्हणत निघून गेली.

त्याला कारण होतं. खळीत मोरचूद घालायचा हा डोमाजीचा नियम. मैदा म्हणजे किड्यांचं जेवण. चिमूटभर निळा मोरचूद पडला की वाळवी फिरकत नाही, झुरळ तोंड लावत नाही. पण मोरचूद विष. संघपालची पुस्तकं लेकरांसाठी होती, आणि लेकरू म्हटलं की चाटणं आलंच. नागपूरहून परतल्यावर त्यानं मोरचुदाची पुडी फळीवर पार वर ठेवून दिली आणि पुन्हा काढली नाही. खळ एकाच भांड्यात शिजायची. त्याच खळीनं तो पुस्तकं बांधायचा आणि त्याच खळीनं मूळ चित्रांचे पातळ कागद पुठ्ठ्यावर डकवायचा. पुठ्ठ्यावरची चित्रं काही लेकरं चाटणार नव्हती. पण त्यासाठी वेगळं भांडं चढवावं, हे त्याच्या मनातही आलं नाही.

वरात पूर्ण झाली त्या पावसाळ्यात अमरावतीच्या खोलीचं छत गळलं आणि भिंतीला टेकवलेली जुनी चित्रं भिजून एकमेकांना चिकटली. संघपाल घाबरला. वरातीचे सगळे पुठ्ठे त्यानं जुन्या धोतरात बांधले आणि गावी नेऊन ठेवले. डोमाजीचं घर मातीच्या भिंतींचं, पण पाण्याचा थेंब आत येत नसे. दुर्गाबाई नवरा वारल्यापासून तिथंच राहत होती. भिंतीतल्या लाकडी कपाटात त्यानं चित्रं ठेवली, बहिणीला सांगितलं, "बाई, याले कोणाले हात लावू देऊ नको." आणि हाताला कंप सुटल्यापासून ते कपाट उघडून पाहायचं धाडस त्याला स्वतःलाही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं तो अकोल्याला उतरला, तिथून तेल्हाऱ्याची गाडी धरली. वैशाख भरात होता. खिडकीच्या सळीला हात लावावा तर चटका बसे. दोन्ही अंगाला शेतं उघडी पडली होती आणि भेगा रस्त्यावरून दिसत होत्या. त्याला वाटलं, दारं उघडी आहेत सगळ्यांची. बऱ्याच दिवसांनी तो आपल्याशीच हसला. सीमाताईंच्या मोठ्या पुस्तकात ही वरात कशी दिसेल, याचा विचार करताना हाताकडं त्याचं लक्ष नव्हतं. पाहिलं तर हात जरा शांत वाटला.

दुर्गाबाई ओसरीवर बसून होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, ऑपरेशनचं नाव काढलं की ती दुसरा विषय काढी. पावलांच्या आवाजावरून तिनं ओळखलं.

"संघा होय का रे? वाळला वाटते. चाल बदलली तुही."

"न पाहताच वाळला म्हंतं?"

"वाळलेला माणूस हलका चालते," ती म्हणाली. "बस. चहा टाकतो."

त्या भागातलं पाणी खारं. चहाला ती चव लहानपणापासूनची होती. कप दोन्ही हातांनी धरून त्यानं पुण्याच्या फोनची हकीकत सांगितली. दुर्गाबाई ऐकता ऐकता ताठ बसली.

"पुण्याचे लोक? अन तुह्या भेगाड्याईले मागून राहिले?"

"हो."

"मी सांगू का, मले ठाऊकच होतं. हासू नको. मी काई भूतबित मानत नाई. पण या साली उन्हाळ्यात, दुपारचं सामसूम झालं की तुह्या कपाटातून आवाज ये. बारीक. कोणी कानात बोलून राहिल्यासारखा. मी म्हटलं, हे चालले भेगाडे वरातीले." ती तोंडाला पदर लावून हसली. "शेजारची कौशल्या म्हने, आजी, उघडून तं पाह्य. मी म्हटलं, मरण आलं तरी नाई उघडणार. माह्या भावाचा शब्द हाय. झाडायले बी हात नाई लावला मी त्याले. वरच्या फोटोपुढं मेणबत्ती लावतो, तेव्हा दोन घडी बसतो तिथं. ऐकतो अन उठतो."

संघपालनं कप खाली ठेवला. तो उठला आणि आत गेला.

कपाटाच्या वर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली विझलेली मेणबत्ती. दार बाहेरून ठीक दिसत होतं, रंगसुद्धा उडाला नव्हता. त्यानं कडीला बोट लावलं. कडी लाकडासकट हातात आली. पापुद्र्यासारखं दार आतल्या आत वाकलं.

आत माती होती. ओलसर, तांबूस, भिंतीच्या आतून चढत आलेली. धोतराची किनार तेवढी उरली होती. पुठ्ठ्यांचा गठ्ठा आकारानं तसाच उभा होता, पण पुठ्ठा नव्हता तो. मातीनं पुठ्ठ्याचा आकार धरला होता. त्यानं हात लावला आणि गठ्ठा बसला. पांढरी बारीक वाळवी उजेडानं बावरून इकडंतिकडं पळू लागली. जिथं जिथं खळ होती तिथं तिथं आधी खाल्लं होतं. मधल्या पुठ्ठ्याचा एक तुकडा नखाएवढा निघाला. त्यावर निळा रंग होता. नवरदेवाच्या फेट्याचा असेल, नाहीतर घोरपडीच्या पाठीचा. तोही बोटाच्या थरथरीनं सुटून मातीत पडला आणि पुन्हा सापडला नाही.

"बरोबर हायेत ना रे?" ओसरीवरून दुर्गाबाईनं विचारलं.

संघपाल उकिडवा बसून होता. त्याच्या डोळ्यांपुढं अमरावतीच्या फळीवरची मोरचुदाची निळी पुडी होती.

"संघा?"

"हायेत, बाई. बरोबर हायेत."

"काई खराब तं नाई झालं?"

"काई नाई झालं. तू होती ना."

त्यानं तिथल्याच एका जुन्या चादरीत ती सगळी माती भरली, कोपऱ्यातली हातानं खरवडून काढली, घट्ट गाठ मारली. दार जसं जमेल तसं चौकटीला टेकवलं आणि कडी भोकात बसवली. बाहेर आला तेव्हा दुर्गाबाई उभी राहिली होती. तिनं चाचपत गाठोड्यावर हात ठेवला.

"जड हायेत."

"पुठ्ठ्याचे हायेत ना."

"सांभाळून ने. एस.टी.त टपावर नको टाकू. मांडीवर घेऊन बस," ती म्हणाली. गाठोड्यावरून तिनं लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. "जा रे बाबा. इतके दिवस मी जपले, आता लोकाईले पाहू दे."

तो मांडीवरच घेऊन बसला. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "काका, काय सोनं हाय का त्यात? खाली ठेवा ना, पाय तरी मोकळे होतीन."

"माती हाय," संघपाल म्हणाला.

कंडक्टर हसला. "मंग तं जपाच."

अकोल्याच्या स्टँडवर त्यानं सीमाताईंना फोन लावला. घरी जाऊन लावला असता तर ज्योत्स्नासमोर बोलावं लागलं असतं. त्यानं जसं झालं तसं सांगितलं. वाळवी, खळ, मोरचूद, सगळं. सांगताना त्याचं त्यालाच ते खोटं वाटू लागलं. शाळेत गृहपाठ न केलेलं पोरगं बोलतं तसं.

"सर, मी तुमच्यावर विश्वास ठेवते," सीमाताई म्हणाल्या. "मनापासून. पण मंडळाला मी काय सांगू?"

"मातीचा फोटो पाठवू का?"

"फोटोचं आता काय राहिलंय, सर." मग त्यांचा आवाज एकदम उजळला. "असं करू या का? एखादंच चित्र पुन्हा काढा. छोटंसं. आणि काढताना व्हिडिओ घ्या. तेवढ्यावर मी सगळ्यांना पटवते. पुढचं आपण सावकाश बघू."

संघपालनं उजव्या हाताकडं पाहिलं. गाठोड्याच्या गाठीवर तो हात आपल्या मनानं हलत होता.

"नाई जमत आता, ताई." हाताचं सांगायला गेलं तर तेही गृहपाठ न केलेल्या पोराचंच वाटलं असतं.

"एक चेहरा तरी? एक भेगाडा?"

"नाई."

पलीकडं कागद आवरल्याचा आवाज आला.

"बरं," सीमाताई हळूच म्हणाल्या. "काळजी घ्या, सर." काल त्या बाईच्या आवाजात जे होतं ते आता नव्हतं. तिचाही दोष नव्हता. तिच्या जागी तो असता तर त्यालाही मशीनच आठवलं असतं.

घरी ज्योत्स्नानं गाठोडं सोडलं. चादरीच्या कडेला बसून तिनं माती बोटांनी चाळली, तांदूळ निवडावे तशी. तिला काही मिळालं नाही. मग ती म्हणाली, "तुमी इष काढलं ते लेकराईसाठी काढलं. त्यात काय चुकलं?"

"पुस्तकं खपली किती, ज्योत्स्ना? अन त्यातली चाटली किती लेकरानं?"

कोपऱ्यात न खपलेल्या प्रतींची थप्पी होती, मोबाईलच्या फोटोवरून काढलेली, मोठं केलं की फुटणारी. तिच्याकडं दोघांनीही पाहिलं नाही. माती तिनं गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत टाकायला उचलली, मग थांबली, कुंडीला वाळवी लागेल म्हणून खाली नेऊन नाल्यात ओतली. चादर धुवून वाळत घातली.

कालच्या खळीला बुरशी धरली होती. तेही भांडं तिनं घासून ठेवलं. संघपालनं पुन्हा खळ चढवली नाही.

पावसाला सुरुवात व्हायच्या सुमारास दुर्गाबाईचा फोन आला. कौशल्येनं नंबर लावून दिला होता.

"काय रे, निंगालं का पुस्तक?"

"वेळ लागते, बाई. मोठं हाय."

"लागू दे. मोठ्या कामाले वेळ लागतेच. माह्यासाठी एक ठेवजो. मले दिसणार नाई, पण कौशल्या सांगन मले, कोणत्या पानावर काय हाय ते."

"ठेवतो."

"अन ऐक. ते कपाट आता रिकामंच हाय, तं गोधड्या ठेवू का त्यात?"

"नको." तो एवढ्या घाईनं म्हणाला की ज्योत्स्नानं वर पाहिलं. "राहू दे, बाई. हात नको लावू. पुढचे चित्र ठेवायचे हायेत त्यात."

"बरं बाप्पा. नाई लावत." दुर्गाबाई खूश झाली. "पुढचे बी हायेत म्हनजे. मी आपली बसतो तिथं मेणबत्तीपाशी, आधीसारखी. पण आता काई ऐकू नाई येत रे. तू नेले त्यानंतर दोनचार दिवस थोडं थोडं येत होतं. मंग एकदम बंद झालं. मी म्हटलं, मागं राहिलेले असतीन, ते बी गेले पुण्याले."

संघपालनं फोन डाव्या हातात घेतला.

"हो, बाई," तो म्हणाला. "गेले सगळे."